खून काढा, बाकी राहू द्या

"सगळंच खोटं हाय, असं लिहाचं?" गज्जूभाऊंनी विचारलं.

"सगळंच. पिक्चरमध्ये दाखवलं ते खोटं आहे आणि त्यानं तुमची बदनामी झाली, असं लिहिल्याशिवाय नोटीसच होत नाही."

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढं ओढली आणि आवाज उतरवून म्हणाले, "म्याडम, असं करा. खून काढा. बाकी राहू द्या."

मी अमरावतीच्या कोर्टात पंचवीस वर्षं वकिली करते आहे. ऑफिस राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर. खाली केमिस्ट्री चालते, वर भाऊबंदकी. वाटणी, पोटगी, चेक बाउन्स, शेताच्या हद्दीचे वाद, हे माझं रोजचं काम. 'मी गुंडा आहे असं लिहून द्या' म्हणणारा अशील मात्र मला एकदाच मिळाला. त्यांचं नाव, आणि त्याबरोबर पिक्चरमधलंही, मी इथं बदललं आहे. ते त्यांना आवडलेलं नाही. खरं नाव छापा, असा त्यांचा आग्रह होता.

त्या वर्षी हिंदीत एक गँगस्टरचा पिक्चर आला होता. हिरो अमरावतीच्या संत्रा मंडीतला हमाल. पुढं तो मुंबईचा डॉन होतो. नाव 'गज्जू विदर्भ'. विदर्भ नावाची रेल्वे आम्हाला माहीत आहे, माणूस पहिल्यांदाच पाहिला. केसचा अभ्यास म्हणून मी दुपारच्या शोला जाऊन बसले. पिक्चरमधल्या अमरावतीत घाट होता, धबधबा होता आणि एका सीनमध्ये मागं चक्क जहाजाचा भोंगा वाजला. हिरो 'अपुन' म्हणत होता. वऱ्हाडी म्हणून त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं: "मले जाता हूँ." पूर्ण थिएटर हसलं. मे महिन्याच्या उन्हात माणसं घाम पुसत होती आणि मागं झाडं पिकल्या संत्र्यांनी लदबदलेली होती. माझ्या मागच्या रांगेत मोर्शीकडचा कोणी बागायतदार असावा. तो ओरडला, "अबे, मे महिन्यात संत्रा? या बागेचा पत्ता द्या रे कोनी!"

गज्जू विदर्भ पिक्चरभर चौदा खून करतो. प्रत्येक खुनाला संत्र्याचा एक क्रेट सांडतो.

आमचे गज्जूभाऊ राजापेठेतलेच. वय पंचावन्नच्या आसपास. पांढरा सफारी, डाव्या भुवईवर एक खूण, बोलणं कमी. प्लॉटच्या सौद्यात मध्यस्थी करायची, हट्टी भाडेकरूकडं जाऊन नुसतं बसायचं, हा त्यांचा व्यवसाय. ते बसले की भाडेकरू उठायचा. कारण राजापेठेत सगळ्यांना माहीत होतं की तरुणपणी गज्जूभाऊ आठ महिने 'आत' होते. कशासाठी, ते कोणाला माहीत नव्हतं. त्यामुळे प्रत्येकानं आपापल्या अंदाजानं गुन्हा ठरवला होता.

त्यांनी पिक्चर तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा वही घेऊन गेले. त्या वहीत त्यांनी स्वतःत आणि हिरोत सतरा साम्यं लिहून आणली होती.

मानहानी सिद्ध करायला साधारण तीन गोष्टी लागतात. पहिली, जे दाखवलं ते तुमच्यावरच आहे हे लोकांना कळलं पाहिजे. दुसरी, ते खोटं पाहिजे. तिसरी, त्यानं तुमची समाजातली इज्जत उतरली पाहिजे. मी हे त्यांना बोटं मोजून सांगितलं.

"पयलं तर हायेच," ते म्हणाले. "सतरा मुद्दे हायेत."

"दुसऱ्यावर आपण अडलोय. आता तिसरं सांगा. पिक्चर आल्यापासून लोकांच्या नजरेतून उतरलात का?"

"उतरलो?" ते चक्क लाजले. "म्याडम, चढलो. परवा ऑटोवाला पैसेच घेईना. कॉलेजचे पोट्टे फोटो काढून राहिले. ज्या भाडेकरूकडं मी दोनदा जाऊन आलो होतो, तो तिसऱ्यांदा मी जायच्या आदीच खाली करून गेला."

"मग नुकसान काय झालं?"

"नुकसान नाई. पन त्याईनं इचारलं नाई ना मले! येवढा पिक्चर काढला, एक फोन तरी कराचा."

मी पेन खाली ठेवलं. "बरं. तुमच्यावर गुन्हे किती आहेत?"

"लय."

"आकडा?"

"मोजले नाई."

"मी रेकॉर्ड काढते."

"रेकॉर्ड कायले काढता?" ते एकदम उभे राहिले. "लोकाईले इचारा की!"

एवढं बोलून ते निघून गेले. मला वाटलं, प्रकरण संपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी आल्या. रेखाताई. नवऱ्याला सांगून आल्या नव्हत्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मॅडम, मले एक कागद पायजे."

"कसला?"

"हा मानूस गुंडा नाई, असा. कोर्टाचा द्या, पोलिसाचा द्या, नाईतर त्या पिक्चरवाल्याचा द्या. पन छापील पायजे."

त्यांची मुलगी प्रणाली सरकारी दवाखान्यात नर्स. तिला अंजनगाव सुर्जीचं स्थळ आलं होतं. मुलगा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारा, वडील निवृत्त शिक्षक. पसंती झाली होती. तारीख काढायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात पिक्चर आला आणि तिकडून फोन येणं बंद झालं. तीन आठवडे.

"गुरुजीचं घर हाय ते," रेखाताई म्हणाल्या. "त्याईनं पाह्यला असंल पिक्चर. कोन देईल गुंड्याच्या पोरीले घरात जागा? आनि हे आमचे सायेब थिएटरात वही घिऊन जाऊन राहिले."

"पण ते आठ महिने आत होते ना?"

रेखाताईंनी दाराकडं पाहिलं. दार बंदच होतं, तरी उठून कडी लावली.

"आत होते. दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "अकोल्याले. टीबी झाला होता त्याईले. बावीस वर्साचे होते."

माझं माहेर अकोल्याचं. त्या काळात टीबी म्हटलं की काय व्हायचं, ते मी पाहिलेलं आहे. घरच्यांचा पेला वेगळा, शेजारच्यांचा रस्ता वेगळा.

"घरात तीन बहिनी लग्नाच्या," रेखाताई सांगत होत्या. "टीबी म्हनलं असतं तर तिघीचंही अडलं असतं. लोक म्हनतात ना, रक्तातच हाय म्हनून. तर माह्या सासऱ्यानं सांगून देल्लं का पोरगा मारामारीत जेलात गेला. जेल एकट्याची असते. बहिनीईले लागत नाई."

"तुम्हाला लग्नाआधी माहीत होतं?"

"नाई. माह्या बापानं गुंडा म्हनूनच देल्लं. म्हने, पोरीकडं कोनी वाकडं पाहनार नाई. सहा महिन्यानं ट्रंकीत एक्स-रे सापडला." त्या हसल्या. "मी देवाजवळ नारळ फोडला. अठ्ठावीस वर्सं झाली मॅडम, ह्या मानसानं घरात झुरयही मारलं नाई. खराट्यानं बाहेर नेऊन सोडते हा."

आता माझ्यापुढं पेच होता. नवऱ्याला कागद हवा होता की पिक्चर आपल्यावरच आहे. बायकोला कागद हवा होता की त्याचा आपल्याशी काही संबंध नाही. वकिलाचा अशील एकच असतो, हे मला कळतं. पण एकाच घरातून दोन बाजू माझ्याकडं आल्या होत्या आणि खरं बोलणारी बाजू फीवाली नव्हती.

मी नोटीस लिहिली. तीन पानांची. पहिल्या दोन पानांवर सतरा मुद्दे, भाऊंच्या शब्दांत, एकही न गाळता. तिसऱ्या पानावर मागणी: 'सदर पात्राचा माझ्या अशिलाशी कोणताही संबंध नसल्याचे आपण लेखी कळवावे.' मागणी म्हणजे नोटिशीचा खरा जीव. वरचं सगळं प्रस्तावना असते. पण माणसं प्रस्तावनाच वाचतात. भाऊंना परत बोलावून घेतलं. त्यांनी दोन पानं वाचली, समाधानानं मान हलवली आणि तिसऱ्यावर सही केली. मी म्हटलं, "तिसरंही वाचा." ते म्हणाले, "तुमच्यावर भरोसा हाय."

नोटीस गेली. पंधराएक दिवसांनी मुंबईहून फोन आला. निर्मात्याचे वकील. आवाज तरुण, मराठी अगदी स्वच्छ.

"मॅडम, तुमची नोटीस वाचली. मला जरा समजून घ्यायचं होतं. मुद्दा क्रमांक नऊ. 'दोघेही चहात साखर कमी घेतात.'"

"अशिलाचा आग्रह होता."

"ठीक आहे. मुद्दा चौदा. 'दोघांच्याही भुवईवर वार आहे.' हा वार कुठल्या टोळीयुद्धात...?"

"नोटिशीत जेवढं आहे तेवढंच," मी म्हटलं. ते लुनावरून नालीत पडले होते, हे मला रेखाताईंनी सांगितलं होतं.

"आणि मॅडम, मी ऑनलाइन तुमच्या जिल्ह्यातल्या केसेस पाहिल्या. नाव टाकलं की केस दिसते, तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या अशिलाच्या नावावर एकच दिसते. मोपेडची चोरी."

"त्यात ते फिर्यादी आहेत."



"म्हणजे यांची मोपेड चोरीला गेली?"

"हो."

"आणि यांनी पोलिसात तक्रार दिली?"

"रीतसर."

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "तुमच्या अशिलाला नेमकं काय हवंय?"

"तिसरं पान वाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. हुशार माणूस होता. आठवडाभरात उत्तर आलं. इंग्रजीत होतं. मी भाऊंना आणि रेखाताईंना सोबत बोलावलं आणि मराठी करून वाचून दाखवलं.

'चित्रपटातील पात्र पूर्णतः काल्पनिक आहे. आमच्या चौकशीनुसार आपले अशील हे कायद्याचे पालन करणारे, शांत स्वभावाचे, सामान्य गृहस्थ आहेत. त्यांच्याविरुद्ध एकही गुन्हा आढळलेला नाही. अशा व्यक्तीच्या जीवनावर गुन्हेगारी चित्रपट बेतणे आमच्या अशिलांना व्यावसायिकदृष्ट्या परवडणारे नाही.'

भाऊंचा चेहरा पडला. मग लाल झाला.

"सामान्य गृहस्थ?" ते म्हणाले. "मले? आनि हे लेटरहेडवर छापून पाठवलं?"

"हो."

"म्याडम, मानहानी तर आता झाली! आता करा केस! तिन्ही मुद्दे बसते!"

खरं सांगायचं तर पहिला आणि तिसरा बसत होता. दुसरा पुन्हा अडला. पत्रातलं सगळं खरं होतं.

रेखाताईंनी तेवढ्यात माझ्या हातातून कागद घेतला होता. उलटसुलट पाहिला. शिक्का पाहिला, सही पाहिली. "मस्त कागद हाय," त्या म्हणाल्या. "खाली लॅमिनेशन करून भेटंल का?"

"रेखा," भाऊ म्हणाले, "हा कागद अंजनगावले गेला ना, तर दोन दिवसात राजापेठेत येते. मंग मले कोन इचारंल?"

"अठ्ठावीस वर्सं राजापेठेनं इचारलं ना? आता पोरीले कोन इचारते ते पाहा."

 खाली क्लास सुटला होता, जिन्याखाली गाड्या सुरू होत होत्या. 

"आठ महिने खाटीवर होतो, म्याडम," भाऊ म्हणाले. त्यांना कळलं होतं की मला माहीत आहे. "भेटाले येनारा दारातूनच बोले. नाकाले रुमाल. घरी आलो, चौकात गेलो, तर पानठेल्यावरचे लोक उठून उभे राह्यले. मी मांगं वळून पाह्यलं, कोन आलं म्हनून. कोनीच नव्हतं. माह्यासाठीच उठले होते." त्यांनी सफारीच्या खिशातून वही काढून टेबलावर ठेवली. "मंग मी काई बोललोच नाई. बोलाचंच नाई, येवढंच केलं. घिऊन जा तो कागद."

पंचवीस वर्षांत माझ्यासमोर बऱ्याच लोकांनी कबुलीजबाब दिलेत. निर्दोष असल्याचा कबुलीजबाब हा एकच.

रेखाताई लॅमिनेशन केलेलं पत्र घेऊन अंजनगावला गेल्या. चार दिवसांनी मुलाचे वडील, गुरुजी, थेट माझ्या ऑफिसात. पत्र पिशवीत घातलेलं.

"मॅडम, हे तुमच्या नोटिशीचं उत्तर. हे खरं आहे?"

"अक्षरन् अक्षर," मी म्हटलं. जरा ठासूनच म्हटलं.

"एकही गुन्हा नाही?"

"एकही नाही."

"मारामारीसुद्धा नाही? किरकोळ?"

"गुरुजी, त्यांनी झुरळही मारलेलं नाही."

गुरुजींनी चष्मा काढला. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. तसं नव्हतं. ते खचले होते.

"मग आमच्या धुऱ्याचं कसं होणार?" ते म्हणाले.

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. गुरुजींच्या शेजाऱ्यानं नऊ वर्षांत नांगरता नांगरता तो धुरा यांच्या वावरात बराच आत सरकवला होता. दोनदा सरकारी मोजणी झाली. दोनदा दगड रोवले. दोनदा दगड चालत परत आले. पिक्चर पाहिल्यापासून गुरुजींच्या घरात आनंदच होता. असा व्याही मिळतोय म्हणजे आता दगड चालणार नाहीत.

"मग इतके दिवस फोन का नाही केला?" मी विचारलं. "त्या लोकांच्या जिवाला घोर लागला होता."

"बोर्डाचे पेपर," गुरुजी म्हणाले. "मुलगा तपासत होता. त्याच्याशिवाय तारीख कशी काढणार?"

मी डोक्याला हात लावला. तिसरं पान, मुंबईचं पत्र, लॅमिनेशन, हे सगळं फिजिक्सच्या गठ्ठ्यांमुळे झालं होतं.

"आता सोयरीक मोडता का?" मी थेट विचारलं.

"छे! शब्द दिलाय. आणि मुलानं मला आधीच सांगून ठेवलंय, लग्न प्रणालीशीच करीन. त्यानं तर पिक्चर पूर्ण पाहिलाही नाही. इंटरव्हलनंतर झोपला." त्यांनी उसासा टाकला. "तुम्ही धुऱ्याची केस घ्याल का?"

मी घेतली. म्हणजे वकीलपत्रावर सही घेतली आणि सांगितलं की दावा, पुन्हा मोजणी, साक्षी, सगळं धरून बरीच वर्षं लागतील. ते म्हणाले, "मी बहात्तर वर्षांचा आहे." मी म्हटलं, "वारस लावता येतात."

साखरपुड्यानंतर गुरुजी रिवाजाप्रमाणे व्याह्यांना वावर दाखवायला घेऊन गेले. भाऊ पांढऱ्या सफारीत. त्यांनी शेतातलं काही कधी केलेलं नाही, त्यामुळे त्यांना काहीच कळत नव्हतं. सभ्यपणानं काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "धुरा कुठून कुठवर हाय?"

शेजारी पलीकडं उभा होता. त्यानं ऐकलं. त्यानंही पिक्चर पाहिला होता.

पुढच्या सोमवारी दगड जुन्या जागी होते. शिवाय शेजाऱ्यानं आपल्याकडची हातभर जागाही सोडून दिली होती, स्वखुशीनं. गुरुजींनी मला फोन करून दावा दाखल करू नका म्हणून सांगितलं. माझा दावा अर्धा टाइप झाला होता.

"पण तुम्ही शेजाऱ्याला ते पत्र दाखवलं नाही का?" मी विचारलं.

"मी नाही. विहीणबाईंनीच साखरपुड्यात सगळ्यांना दाखवलं. तोही होता तिथं."

"मग?"

"तो म्हणाला, मुंबईच्या कंपनीकडून 'मी गुंडा नाही' असं लेटरहेडवर लिहून आणलं, म्हणजे माणसाचा हात किती वरपर्यंत असंल!"

राजापेठेतही तेच झालं. पत्राची बातमी भाऊंच्या अंदाजाप्रमाणे दोन दिवसात आली, आणि आता पानठेल्यावरचे लोक उठायला आधीपेक्षा घाई करतात. लग्न पार पडलं. प्रणाली अंजनगावहून रोज ड्युटीला येते-जाते. भाऊंनी मला पेढे आणून दिले. काही बोलले नाहीत.

नवीन वकिलांना मी यातून एवढंच सांगते. नोटीस लिहिताना तिसरं पान नीट लिहा, ते कोणीतरी कधीतरी वाचतंच. आणि निर्दोष असल्याचा लेखी पुरावा अशिलाच्या हातात देताना जपून द्या. आमच्याकडं तो वाचणारे कमी आणि त्यावरचा शिक्का पाहणारे जास्त आहेत.